एका पेटीस एक वाटी

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. (साष्टांग लिहिणार होतो, पण गुडघा वाकत नाही, उभ्यानेच मानून घे.) तुझी पाठ कशी आहे? मेहुण्यांचा खोकला? इकडे सगळे ठीक. फक्त माझा डावा डोळा सुजून बंद झाला आहे, त्याचीच हकिगत कळवतो.

बाबांच्या मधपेट्यांपैकी तीनच उरल्या आहेत. फुलोरा संपला तशी परवा निळी पेटी उचलून पाहिली, तर रिकाम्या डब्यासारखी हलकी! (निळी म्हणजे बाबांनी स्वतःच्या हातांनी भरलेली शेवटची.) म्हटलं, माश्या उपाशी मरताहेत, साखरेचा पाक द्यायला हवा. आठवू लागलो, तर आठवलं एवढंच, की तू स्टुलावर उभी राहून पाक ढवळायचीस आणि बाबा मागून ओरडायचे, ‘एकास एक! एकास एक!’ (मी तेव्हा टेबलाखाली साखर खात असे, त्यामुळे पुढचं शिक्षण राहिलं.) मी अर्थ लावला, एका पेटीस एक वाटी. भर दुपारी तिन्ही पेट्यांच्या दारात वाट्या मांडल्या. दांडग्या दोन पेट्यांनी आपापल्या वाट्या चाटूनपुसून साफ केल्या आणि निळीवर दरोडाच घातला. मी सोडवायला गेलो. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. मला सतरा ठिकाणी झाला. तुझी भावजय खिडकीआडून (दार न उघडता) ओरडली, ‘अहो, एक भाग साखर, एक भाग पाणी असेल ते! आणि अशी उघड्यावर पंगत वाढतं का कुणी?’ आता दरोडेखोर शिरू नयेत म्हणून निळीचं दार बोटभरच उघडं ठेवलंय आणि तिन्हीसांजेला झाकणाखाली, आतल्या आत पाक देतो.

खरं सांगू? पाक उकळताना तोच वास आला आणि मला रडूच फुटलं. सूज होती म्हणून खपून गेलं. तू पळी मला चाटायला द्यायचीस, बाबांना कळू न देता. बाबा गेल्यावर तू म्हणालीस, ‘आता तिथे कोण आहे?’ अगं, मी होतो की.

तुझा,
धाकटा

ता.क. निळी पेटी आठवडाभरही काढेलसं वाटत नाही. तिला तुझ्याच हातचा पाक हवा. पत्र मिळताच निघ.

ता.क. दुसरा. तुझा पिनकोड सापडेना म्हणून पत्र दहा दिवस खणातच राहिलं. आज निळी उघडली. राणी भराभर अंडी घालते आहे, पेटी ठणठणीत! भावजय म्हणते, पत्र तसंच पाठवा, खरं कळलं तर वन्सं यायच्या नाहीत. पण तुझ्याशी खोटं बोलणं मला जमत नाही. पेटीला काही झालेलं नाही. मला करमत नाही. ये.