म्हसळ्याच्या स्टेजवरचा जोड

११ जानेवारी, पाली

पहिला प्रयोग झाला. चांगला झाला म्हणतात सगळे. मला चुकाच दिसतात, माझं कामच ते.

चौदा वादक, चार नर्तक, मागे वीस फुटी पडदा, त्यावर खाडीचं पाणी. आणि हे सगळं शाळेच्या पटांगणात. देवळातून निघालेले लोक प्रसादाच्या पिशव्या घेऊन कडेला उभे राहिले, मग हळूहळू खाली बसले. एका आजोबांनी चेलोवाल्याला विचारलं, "ही सारंगीची थोरली भन का?" तो "हो" म्हणाला. बरं केलं.

अजून चार प्रयोग. खाडीच्या अलीकडची तिन्ही स्टेजं बांधायला दत्तारामकाका, म्हसळ्याजवळच्या गावचे. साठी उलटलेली. तरुणपणी मुंबईत सेटवर सुतारकाम, आता लग्नाचे, पूजेचे मांडव. फळ्या ऐनाच्या लाकडाच्या, त्यांच्या वडिलांच्या वेळच्या. स्टेज उभं राहिलं की त्यावरून टाचा आपटत चालतात, कान देऊन. मग आमची काळी रबरी मॅट पडते. पाच पट्ट्या, मध्ये टेपचे चार जोड. त्या जोडांवरून मी अनवाणी चालते. काका बघत होते. म्हणाले, "माजी टाच नि तुमची टाच, दोन्ही पास झाल्या का पोरीस्नी नाचूंदे."

पुण्याच्या नाट्यगृहाचा फोन येणार आहे, व्यवस्थापकाच्या जागेसाठी. केदारला सांगितलेलं नाही. नऊ वर्षं त्याच्या कंपनीत. संगीत त्याचं, दिग्दर्शन त्याचं, बाकीचं सगळं मी. कसं सांगू…

१३ जानेवारी, म्हसळा

सायली नाचताना पडली. गुडघा.

आज यापुढे लिहवत नाही.

१४ जानेवारी, म्हसळा

लिहायचं. आज नाही लिहिलं तर उद्या मीच वेगळं काहीतरी आठवेन.

काल साडेपाचला आवाजाची चाचणी संपली. मॅट टाकून, टेप लावून झाली होती. माझं त्यावरून चालायचं राहिलं होतं. तेवढ्यात पुण्याचा फोन. रेंज फक्त पटांगणाच्या टोकाला, विहिरीपाशी. तिथे गेले. बोलणं लांबलं. त्यांनी विचारलं, तुमचा सर्वात मोठा गुण कोणता? मी म्हटलं, बारकाईने काम करते.

परत आले तेव्हा लोक आत सोडत होते. तपासणीच्या यादीवर 'मॅट' शब्दापुढे खूण केली, सही केली. चालले नाही. दव पडायला लागलं होतं. दवात टेप धरत नाही, हे मला आजचं नाही, नऊ वर्षं माहीत आहे.

चेलोचा सूर खाली उतरत जातो, पडद्यावरचं पाणी ओसरतं, आणि सायली पाठमोरी धावत येते, तो तुकडा. मधल्या एका जोडाशी टाच अडकली. विंगेत मला आवाज ऐकू आला. लोकांना वाटलं, नाचातलंच आहे. टाळ्यासुद्धा पडल्या थोड्या.

आता पुढचं. सगळे तिच्याकडे धावले, मीही. वाकले. टेप सुटून मॅटची कड बोटभर वर आली होती. ती मी दाबली. अंगठ्याने टेप घासून बसवली. मग सायलीचं डोकं मांडीवर घेतलं.

याच क्रमाने.

१५ जानेवारी, म्हसळा

सायलीची लिगामेंट फाटली आहे. पुण्याला ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले चालेल, पळेलही. नाचाचं विचारलं तर "बघू" म्हणाले. सव्वीस वर्षांची आहे ती.

सकाळी केदार स्टेजवर गेला. आयोजक मंडळाचे दोघे बरोबर, मी मागे. मॅट पाहिली, सगळे जोड ठीक. मग मॅट उचलली. खाली दोन फळ्यांमध्ये फट, अर्धं बोट असेल. लाकडाचं स्टेज म्हटलं की असते तेवढी. केदार म्हणाला, "हेच."

दत्तारामकाकांना बोलावलं. ते गुडघ्यावर बसले, फटीत बोट घातलं. कडेने फिरवून पाहिलं.

"फळीत खोट न्हाय सायेब. परवा संध्याकाळी मी चाललो हाय तिच्यावरनं."

"मग मुलगी कशी पडली?" मंडळाचा अध्यक्ष.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी साक्ष देईन अशा नजरेने नव्हे. मला काही कळलं असेल तर सांगेन, अशा नजरेने.

मी म्हटलं, "मॅट मी बघितली होती."

बस, एवढंच. श्रीवर्धनचं स्टेज आता दुसरा माणूस बांधणार.

१६ जानेवारी, म्हसळा

सायली अजून लॉजवर. तिची आई उद्या गाडी घेऊन येते आहे. इथला संडास भारतीय पद्धतीचा, पाय तर वाकत नाही. काल मी आणि व्हायोलिनवालीने मिळून तिला धरलं, ती रडली. दुखण्यापेक्षा लाजेनं.

आज सकाळी काका आले. डोक्यावर लाकडी खुर्ची. मध्ये गोल कापलेला, दोन्हीकडे हातांना आधार, कडा घासून अगदी गुळगुळीत केलेल्या. संडासावर ठेवायला. कोणी सांगितलं नव्हतं. लॉजवाल्याकडून कळलं त्यांना.

दारातूनच बोलले. "बाय, माज्या टेजावर पडलीस तू. माफ कर. काय चुकलं त्ये कळत न्हाय, पन चुकलं असंल काय तरी."

सायली म्हणाली, "काका, असू दे. मुद्दाम का कोणी करतं?"

मी पाण्याचा तांब्या भरायला गेले. तो भरलेलाच होता.

दुपारी तिने विचारलं, "ताई, पायाखाली काहीतरी सरकलं ग. फळी नव्हे, रबरासारखं. केदारला बोलले तर म्हणतो मॅट ठीक होती. तू चालली होतीस ना त्यावरून?"

"हो."

"मग मलाच तसं वाटलं असेल."

आतापर्यंत मी फक्त गप्प होते. आज खोटं बोलले. तिच्या डोळ्यांत बघून.

१९ जानेवारी, श्रीवर्धन

तीन नर्तकांवर प्रयोग केला. सायलीच्या तुकड्यात नुसता चेलो वाजला, स्टेज रिकामं. लोकांना तेच फार आवडलं. केदार म्हणतो असंच ठेवू या. मी मॅट गुंडाळायला गेले.

इथलं स्टेज अगदी वाईट. डुगडुगतं. कोणी काही बोललं नाही. मी जोडांना दुहेरी टेप लावली, तीन वेळा चालले. चौथ्यांदा जायला लागले तेव्हा व्हायोलिनवाली म्हणाली, "सुजाताताई, पुरे ना आता."

चहाच्या टपरीवर ऐकलं. दत्तारामच्या वाडीतल्या माघी गणपतीचा मांडव यंदा दुसऱ्याला दिला. बावीस वर्षं तेच घालत होते. एकजण म्हणाला, "हात चळला म्हाताऱ्याचा." दुसरा म्हणाला, "पोरगी लुळी केली म्हंतात." टपरीवाल्याने माझ्या गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र पाहिलं आणि विचारलं, "खरं का हो?"

मी म्हटलं, लुळी नाही झाली.

पुन्हा उत्तर अर्धंच.

२० जानेवारी, श्रीवर्धन

आज सुट्टी. एसटीने म्हसळ्याला, तिथून रिक्षाने काकांच्या गावी.

भात निघालेल्या शेतात वालाचं पीक. काका पाणी लावत होते. मला बघून आधी विचारलं, "बाय कशी हाय?" सायलीबद्दल.

बांधावर बसून सगळं सांगितलं. फोन, यादीवरची सही, दव, अंगठा. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवायचं होतं, ते उठून वळवून आले, परत बसले.

मग म्हणाले, "त्या फळ्या मी फोडल्या."

मला कळलं नाही.

"जिथं ती पडली तितल्या. चार. म्हटलं खोट दिसत न्हाय, पन आसंल आत. दुसरं कुनी पडाया नको. कुऱ्हाडीनं फोडल्या. चुलीत गेल्या."

मी हात जोडले. त्यांनी बघितलंच नाही तिकडे.

"पोरीला सांगितलं?"

"नाही अजून."

"तुमच्या सायबाला?"

"नाही."

"मंग माज्याकडं आदी का आलात? मी सोपा हाय म्हनून?"

आवाज चढवला नाही. खरंच विचारत होते. उत्तर 'हो' होतं. मी येताना एसटीत मनात त्यांचं बोलणंसुद्धा ठरवून टाकलं होतं. जाऊ द्या ताई, म्हणतील. डोक्यावर हात ठेवतील. मग मी हलकी होऊन परत जाईन.

घरी काकूंनी चहा दिला. त्यांना ओट्यावरून सगळं ऐकू गेलं होतं. त्या पाठ करून भांडी लावत राहिल्या. शेवटी कपाकडे बोट करून, "प्या. निवंल." निघताना काका अंगणात नव्हते. परत शेतावर गेले होते.

२२ जानेवारी, दिघी

फेरीबोटीवर गाड्या चढवायला वेळ लागला. पलीकडे आगरदांडा, तिथून मुरूड. वाद्यांचा टेम्पो शेवटी चढला. बोट सुटली तेव्हा केदार कठड्याशी एकटा उभा होता. म्हटलं आत्ताच, पलीकडे पोचलो की धीर जाईल.

सांगितलं.

त्याने आजूबाजूला कोणी आहे का पाहिलं. मग, "आणखी कोणाला माहीत आहे?"

हा त्याचा पहिला प्रश्न.

"दत्तारामकाकांना."

"कशाला सांगितलंस? सुजाता, दोन प्रयोग उरलेत. पुढच्या दौऱ्याची बोलणी चालू आहेत. सायलीचा खर्च आपण करतोच आहोत ना? आता सांगून तिचा पाय बरा होणार आहे का?"

"काकांचं काम गेलं."

"मी बोलतो मंडळाशी. दौरा संपल्यावर. नीट, शांतपणे." मग, "तू थकली आहेस. कोणाकडूनही होऊ शकतं."

खरं सांगायचं तर त्या क्षणी बरं वाटलं. कोणीतरी ठरवलं, माझ्याकडून काढून घेतलं. आगरदांड्याला उतरेपर्यंत ते टिकलं. उतरताना टेम्पोत काकांची एक लाकडी पाचर सापडली, चाकाखाली लावलेली. आमच्या सामानात चुकून आलेली.

२३ जानेवारी, मुरूड

पुण्याहून निवडीचं पत्र आलं. एक तारखेपासून रुजू व्हा. फोनवर तीनदा वाचलं. कोणाला सांगावंसं वाटलं नाही. उत्तर दिलेलं नाही.

परवा सायलीचं ऑपरेशन झालं. तिच्या आईचा मेसेज सगळ्यांना: नीट पार पडलं. खाली, 'त्या मांडववाल्याला मात्र मी सोडणार नाही.' केदारने त्यावर हात जोडल्याचं चित्र टाकलं.

मी फोन उलटा करून ठेवला.

२५ जानेवारी, अलिबाग

सायलीला फोन केला. दुपारी चारला, आई घरी नसते तेव्हा. घाबरत घाबरत कसलं, नुसतं धाडधाड सांगून टाकलं. टेप मी दाबली हेही.

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता.

"म्हणजे मला बरोबर जाणवलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"मी बारा दिवस विचार करते आहे, ताई. की माझंच पाऊल चुकलं. डोळे मिटले की तेवढाच तुकडा. कुठे वजन टाकलं, कुठे मान वळली. मला वाटलं आता माझ्या अंगावर माझाच भरवसा उरला नाही. नाच काय, जिना उतरायला भीती वाटते." मग पुन्हा पंखा. "तुला मी विचारलं होतं. खोलीत. तू हो म्हणालीस."

मी माफी मागितली. ती म्हणाली, माफीचं मला आत्ता विचारू नको.

"लिहून दे."

"काय?"

"हे सगळं. जसं सांगितलंस तसं. सही करून."

कशासाठी, ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मला विचारायचा हक्क नाही.

२६ जानेवारी, अलिबाग

सकाळपासून खोलीतल्या टेबलाशी. खाली शाळेतून झेंडावंदनाचं लाउडस्पीकरवर चाललंय.

आधी लिहिलं, 'मॅटचा जोड तपासला गेला नव्हता.' फाडलं. मग, 'घाईत तपासायचं राहून गेलं.' फाडलं. 'टेप सुटल्याचे नंतर लक्षात आले.' कोणाच्या? फाडलं. आपली भाषा किती मायाळू आहे. वाक्यातून माणूस निघून गेला तरी वाक्य उभं राहतं.

अकरा वाजता झालं. 'मी जोड तपासला नाही. तपासला अशी सही मी केली. सायली पडल्यावर सुटलेली टेप मी दाबून बसवली आणि कोणाला सांगितलं नाही. दत्ताराम यांच्या स्टेजमध्ये दोष नव्हता.' खाली पूर्ण नाव. तीन प्रती, हातानेच. एक सायलीला, एक काकांना, एक म्हसळ्याच्या मंडळाला. तिन्ही पाकिटांवर पत्ते घातले.

केदार दारात येऊन उभा राहिला. पाकिटांवरची नावं त्याने वाचली. आत आला नाही.

"आजचा प्रयोग करणार आहेस ना?"

"करणार."

"आणि उद्या हे पोस्टात टाकणार."

मी मान हलवली. तो म्हणाला, "मग पुण्याच्या लोकांनाही एक प्रत पाठव. तिथे तू जाणार आहेस, कळलंय मला." चिडून म्हणाला. पण त्यात चुकीचं काय आहे, ते सकाळपासून शोधते आहे, सापडत नाही.

चौथं पाकीट काढलं आहे. कोरं आहे अजून.

पोस्ट आज बंद. उद्या सकाळी उघडेल. तोवर सगळी माझ्याजवळच, पिशवीत. साडेचार झाले. मॅट टाकायला बोलावतायत.