सोडू का?

३ मार्च

इथे यायला खरं काय लागलं ते आधी मांडून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी विचारलं तर थापा मारायला नकोत. दोन वर्षं कागदपत्रं, एक स्कूटर, हिच्या दोन बांगड्या आणि ठमीचा पुढचा दात. दात अशासाठी, की मी निघालो तेव्हा तो नुकता हलायला लागला होता. कधीतरी पडेल आणि बाप तिथे नसेल. बाकी सगळं भरून काढता येतं. तो दात काही पुन्हा पडणार नाही.

पण मन खूश आहे. सव्वीस मजली इमारत, तीन लिफ्ट, आणि तिन्हींचा राजा मी. म्हणजे मेकॅनिक. तळघरात स्वतंत्र खोली दिलीय: पलंग, शेगडी, नळाला गरम पाणी. पलंगाच्या भिंतीपलीकडेच तीन नंबरच्या लिफ्टचा शाफ्ट, म्हणजे ती वर-खाली धावते ती विहीर. झोपल्या झोपल्या ड्यूटी! फळीवर आधीच्या मेकॅनिकचे बूट राहिलेत. दोन जोड, एक आठ नंबरचा, एक दहाचा. परदेशात माणसाचे पायसुद्धा वाढतात म्हणायचे.

शाळा पाचवीत सुटली, पुढचं सगळं कानांनी शिकलो. मोटर नुसती ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतो. माणसांचंही तेच. बाजारात शंभर बायका कलकलत असू देत, पाठमोरा उभा राहून मी हिचा नुसता खोकला ओळखीन. ही म्हणते, सगळं ऐकू येतं हो यांना, फक्त दळण आणायला सांगितलं की कानात बोळे.

सहा महिन्यांनी दोघींना आणायची परवानगी मिळेल. ठमीला दमा. तिच्या छातीतली बारीक शिट्टी हिच्याआधी मला ऐकू येते. इथे धूळ नाही. पोर सुटेल त्यातून.

११ मार्च

इथली माणसं लिफ्टमध्ये शिरली की दाराकडे तोंड करून उभी राहतात, बोलत नाहीत. मी हसलो तर पाकीट चाचपतात. नावं उच्चारता येत नाहीत म्हणून मी आवाजावरून ठेवलीत. सुपरवायझर म्हणजे घुंगरू. कमरेला किल्ल्यांचा एवढा जुडगा, की तो दोन मजले वर असला तरी कळतं. अकराव्या मजल्यावरची म्हातारी म्हणजे ठकठक. हातात काठी, तरी रोज अकरा मजले जिन्याने चढते-उतरते. तीन-तीन लिफ्ट असताना! माझ्या धंद्याचा अपमानच हा.

घुंगरूशी आज जरा वाजलं. आमच्याकडे शाफ्टचं काम दोघांनी करायचं, हा मला काम शिकवणाऱ्या वस्तादांचा नियम. एक जण गच्चीवरच्या मशीन रूममध्ये ब्रेकपाशी, दुसरा खाली शाफ्टमध्ये. वरच्याने दोर जातात त्या भोकातून हाक मारायची, सोडू का? खालच्याने सोड म्हणायचं, नाहीतर थांब म्हणायचं. ओ आली नाही, तर ब्रेकला हात लावायचा नाही. कारण ब्रेक सोडला की हलकी लिफ्ट वर सरकते आणि तिच्या मागचं दीड टनाचं वजन खाली शाफ्टच्या तळाच्या खड्ड्यात येतं. तिथे माणूस असेल तर त्याची पोळी होते.

घुंगरू म्हणाला, इथे माणूस महाग, एकट्यानेच करायचं. आणि शाफ्टमध्ये ओरडायचं नाही. आधीच्या मेकॅनिकलाही ओरडायची खोड होती म्हणाला. हे सांगताना त्याने किल्ल्या मुठीत गच्च धरल्या होत्या. तेवढा वेळ त्यांचा आवाज बंद.

२६ मार्च

खोड जित्याची. आज ब्रेक सोडताना तोंडातून निघालंच, सोडू का? ओ द्यायला कोण? मीच वस्तादांचा खर्जातला आवाज काढला, पुढे त्यांची ती ठसक्याची खाकर, आणि म्हणालो, सोड बाळा! वस्तादांना जाऊन सहा वर्षं झाली. एकटाच हसत बसलो. लग्नाकार्यात माझ्या नकलांना मागणी असायची, इथे दोर आणि चाकं ऐकतायत.

९ एप्रिल

आता रोजचाच खेळ झालाय. कधी वस्ताद ओ देतात, कधी ही देते, अहो सोडा की, किती वेळ लावाल. कधी ठमी. शाफ्टमध्ये आवाज झकास घुमतो. एक बारीक गोष्ट मात्र कानाला लागली. घुमून परत येणारा आवाज जरा उशिरा येतो. सव्वीस मजल्यांना लागेल त्याहून उशिरा. कुणीतरी आधी घोळवून बघतंय, मग परत करतंय, असा.

लिफ्टमध्ये कुणीतरी कागद चिकटवलाय. घुंगरूने वाचून दाखवला. तळघरातल्या माणसाला अंघोळ करायला सांगा, असं लिहिलंय. मी दोन वेळा करतो.

घरचा फोन खोलीतच घेतो. पलंगावर पडून, स्पीकर लावून. दोघींच्या आवाजाने खोली भरते.

४ मे

हे नीट लिहायला हवं.

दुपारी बाराची वेळ. मशीन रूममध्ये होतो, ऊन खिडकीतून आत. सोडू का म्हणालो. ओ द्यायची राहिली, कारण नेमका दातांत स्क्रू धरला होता. तोंड बंद.

खालून ओ आली. ठसक्याची खाकर, आणि सोड बाळा.

घाबरलो त्याचं कारण वेगळंच. तो आवाज वस्तादांचा नव्हता. मी काढतो त्या वस्तादांचा होता. त्यांचा स मी कधीच नीट काढू शकलो नाही, तीच चूक त्यात होती.

ब्रेक सोडला नाही. जिन्याने खाली उतरलो. खड्ड्याला बाहेरून कुलूप.

६ मे

ठकठकला जिन्यात गाठलं. ती खुणांनी आणि चार मोडक्या शब्दांनी बोलते. आधी ओठांवर बोट. मग कळलं ते असं: आधीचा मेकॅनिक पण आत हाका मारायचा. पुढे त्याने गावाहून भावाला बोलावलं. पण आपण बोलावलंच नाही, असं तो स्वतः सगळ्यांना सांगत फिरायचा. भाऊ आला त्या दिवसानंतर दोघंही कुणाला दिसले नाहीत. मी विचारलं, भाऊ त्याच्याहून उंच होता का? तिने काठी डोक्याच्या वर धरली.

खोलीत येऊन दहा नंबरचे बूट वर्तमानपत्रात गुंडाळून पलंगाखाली ढकलले.

२० मे

शाफ्टमध्ये तोंड उघडत नाही. फोन रस्त्यावर जाऊन करतो. पण दोन महिने भिंतीला डोकं लावून बोललो त्याचं काय? काल पाना पडला, तर खालून ही म्हणाली, अहो, लागलं का? त्यात माझ्या नकलेची एकही चूक नव्हती. शेवटचा बारीक खोकलासुद्धा होता.

घुंगरूला म्हटलं, घरी जातो. तो म्हणाला, जा, पासपोर्ट ऑफिसात आहे, करार संपला की मिळेल.

१५ जून

हिचा फोन. खुशीत होती. म्हणाली, काल किती गोड बोललात, तासभर! लग्न झाल्यापासून एवढे बोलला नव्हतात. मी काल फोन केलाच नव्हता. कुठल्या नंबरावरून आला विचारलं. तिने वाचून दाखवला. तीन नंबरच्या लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसासाठी फोन असतो ना भिंतीत, त्याचा नंबर. त्याची वायर मीच तपासतो दर सोमवारी.

म्हणाली, सहा महिने कशाला थांबायचं, पाहुण्यांच्या व्हिसावर लवकर या म्हणालात, ते माझ्या भावाने चौकशी करून—

मी ओरडलो, येऊ नकोस! ती म्हणाली, एक दिवस ये, एक दिवस येऊ नको, बायको आहे का फुटबॉल?

१६ जून

वायर कापली. चार तुकडे करून वेगवेगळ्या ठिकाणी टाकले.

२२ जून

काल तो हिच्याशी परत तासभर बोलला. त्याच नंबरावरून. वायर नाही.

हिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, एकाच आवाजाचे दोन नवरे मला नकोत, खरा कोण ते मीच बघते. म्हणाली, ठमीचा दात पडला, तो आम्ही कुठे ठेवलाय सांगा.

मी म्हणालो, दात पडला?

ती अगदी हळू, परक्या माणसाशी बोलतात तशी म्हणाली, त्यांना मी सांगितलं होतं. त्यांना माहितेय. तुम्ही कोण बोलताय? माझ्या घरी पुन्हा फोन करू नका.

फोन ठेवला.

२३ जून

उचलत नाही. मेव्हण्याला लावला. तो म्हणाला, ताईला छळू नका, पोलिसात जाऊ. माझाच मेव्हणा. लग्नात माझे बूट पळवणारा.

३० जून

नोकरी सोडून विमानतळावर जाऊन बसावं, पण कुठल्या दिवशी? दोघी येणार ती तारीख त्याला माहीत आहे. मला नाही.

शाफ्टमध्ये आज ठमी पाढे म्हणत होती. सात सक बेचाळीसला अडली. तशीच अडते ती.

४ जुलै

घुंगरू सकाळपासून नाही. फोन बंद. पण किल्ल्या वाजतायत. तीन नंबरमध्ये, खाली. वाजतात, थांबतात. जरा उशिरा परत वाजतात.

४ जुलै, दुपार

खाली दरवाज्यापाशी हिची बॅग. लाल रिबन बांधलेली. ओळख पटावी म्हणून ती नेहमी बांधते. शेजारी ठमीची पाण्याची बाटली. पट्ट्याच्या कप्प्यात तिचा दम्याचा पंप.

पंप इथे आहे.

तीन नंबर पंचवीस आणि सव्वीसच्या मध्ये अडकलीय, म्हणजे तिचं वजन खाली खड्ड्याच्या तोंडाशी. वीज गेलीय फक्त तिचीच.

पंप घेऊन सव्वीसवर धावलो, दाराला कान लावला. आतून ही: अहो, आम्ही आत आहोत, ठमीला धाप लागलीय, लवकर. आणि ती शिट्टी. ठमीच्या छातीतली. दार हलत नाही. पहार लावली, वाकली. ब्रेक सोडून लिफ्ट वर घ्यायची, म्हणून आधी खड्डा रिकामा आहे ना ते बघायला खाली पळालो. तर खड्ड्याच्या दारामागूनही ही: अहो, तुम्हीच म्हणालात तळघरातून या, दार मागून बंद झालं, अंधार आहे, वजन डोक्यावर लोंबतंय, काही सोडू नका. आणि शिट्टी. तीच.

किल्ली घुंगरूकडे. दोन्ही दारांशी पुन्हा गेलो. दात कुठे ठेवलाय विचारलं. दोन्हीकडून एकच उत्तर आलं. तुळशीच्या कुंडीत.

अग्निशमनवाले म्हणाले पंचवीस मिनिटं. शिट्टी पंचवीस मिनिटं टिकत नाही, मला माहीत आहे. ती बारीक होत गेली की मग काय होतं ते मी एकदा पाहिलंय.

आता मशीन रूममध्ये. ब्रेकपाशी. सोडला तर लिफ्ट वर येते, सव्वीसवर दार उघडतं, पंप देता येतो. ठकठक, कधी नव्हे ती लिफ्टने वर येऊन, तिथे दाराशी उभी आहे, पंप हातात घेऊन. काठी टाकून दिलीय तिने. सोडला तर वजन खाली खड्ड्यात.

हे लिहितोय, कारण कुणाला सापडलं तर कळावं, की मी विचारलं होतं. वस्तादांचा नियम मोडला नाही. भोकाला तोंड लावून हाक मारली. सोडू का?

लिफ्टमधून ओ आली: सोडा हो!

खाली खड्ड्यातून आली: थांबा हो!

पुन्हा विचारलं. पुन्हा दोन्ही. मग म्हणालो, खोक. फक्त एकदा खोक. मी ओळखीन.

दोघी खोकल्या.

शंभर बायका नाहीत इथे. दोनच आहेत. डोळे मिटून ऐकलं, पाठमोरा होऊन ऐकलं. मला फरक कळत नाही.

एक शिट्टी बारीक होत चाललीय. कुठली ते—