दगडोबाची काठी

१४ जुलै १९४१
हिंगोली स्टेशनावर उतरलो आणि बैलगाडीनं सेनगावाकडच्या या खेड्यात पोचलो. अंग पार आंबलं, पण मन खूश आहे. इथं तरण्याताठ्या माणसांचे पाय आखडतात, गुडघ्यांची कात्री होते, आणि वर्षाभरात ती ढुंगणावर सरकत फिरायला लागतात. कशानं होतं हे शोधायला सरकारनं मला, डॉक्टरला, धाडलंय. चावडीमागची खोली झकास आहे. स्वयंपाकाला शकुबाई येते. तिचा नवरा दगडोबा असाच काठीवर फरपटणारा. तपासताना ती काठी धरावी लागली. मूठ घामानं काळी, चिकट. तीनदा साबणानं हात धुतला तरी वास जाईना.

२ ऑगस्ट
पिठल्यात अळी. शिजून फुगलेली. अर्धी दाताखाली गेल्यावर कळलं. भडाभडा ओकलो, ताट अंगणात भिरकावलं, शकुबाईला नाही नाही ते बोललो. पुन्हा किडा दिसला तर पायरी चढायची नाही, असंही सांगितलं. ती पदर तोंडाला लावून उभी राहिली.

२१ ऑगस्ट
बाई शहाणी आहे. तेव्हापासून पीठ स्वच्छ, पिवळंधमक. दोन्ही वेळा पिठलं आणि धिरडी. गावातलं दुसरं काही तोंडात घालवत नाही.

९ ऑक्टोबर
दगडोबा तापानं गेला. त्याच्या पाठीचा कणा उघडून मज्जारज्जू काढला. शकुबाई व्हय म्हणाली. कसं म्हणवून घेतलं ते लिहीत नाही. बरणीत तो गांडुळासारखा वेटोळं करून बसलाय. जेवताना समोर येतो. पोटऱ्या दुखतात, फिरणं फार झालं.

१७ नोव्हेंबर
सापडलं. ज्या घरात रोज लाखेची डाळ, तुरीसारखी दिसणारी ती स्वस्त डाळ, त्याच घरातले पाय जातात. ज्वारी खाणारे धडधाकट. अहवाल लिहायला बसलो, तर गुडघे एकमेकांवर आपटायला लागले. शकुबाईला हाक मारून विचारलं, ऑगस्टपासून पीठ कशाचं आहे.
ती कौतुकानं म्हणाली, ‘हरभऱ्याला कीड लागती, साहेब. तुमाला लई किळस. म्हणून लाख दळून राहिले. लाखेला किडा तोंड लावीत न्हाई.’

२० नोव्हेंबर
टाचा टेकत नाहीत. मोरीपर्यंत सरकत गेलो — शेणातून. हे पाय माझे नाहीत. ताठ, थंड — शी.

२६ नोव्हेंबर
शकुबाईनं ती काठी खाटेला टेकवून ठेवलीय. म्हणाली, त्यांना आता काय तिचं.
मूठ तशीच. काळी —
नाही धरणार.
अंथरूण ओलं झालंय — मोरी पंधरा पावलं — बरणी समोर —
धरतो. मग साबणानं हात धु—