तीन फुटांचा पूल

सातारा,
१० फेब्रुवारी १९७४

ती. सौ. राहीअक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी तीन पत्रं आली आणि मी एकाचंही उत्तर दिलं नाही, याची क्षमा कशी मागावी कळत नाही. वेळ नव्हता असं लिहिणार होतो. पण शाळेतून आल्यावर मी दोन-दोन तास नुसता बसून असतो, तेव्हा ते खोटं ठरेल.

आबा दुसऱ्यांदा तुझ्या घरामागच्या रुळावर गेले, मालगाडीनं शिट्ट्या मारल्या तरी हलले नाहीत आणि शेजारच्या धुळानं दंडाला धरून ओढलं, हे तुझ्या पत्रातलं रोज रात्री पुन्हा वाचतो. काचबिंदूनं डोळे गेले तेव्हाही ते इतके खचले नव्हते. दिवाळीत त्यांनी मला विचारलं होतं, की मी आता कशाला राहिलोय. दिवसभर वर्गात भूगोल बोलणारा मी, मला एक वाक्य सुचलं नाही. सांगलीला यायला काही तासच लागतात. त्यांच्यासमोर बसवत नाही, हे खरं कारण आहे.

मात्र एक काम हाती घेतलंय. रहिमतपूरजवळचा ओढ्यावरचा जुना पूल, ज्याच्यावर आबांनी बावीस वर्षं रूळ राखणाऱ्या गँगची मुकादमी केली, तो शेजारून मोठी (ब्रॉडगेज) लाइन झाल्यापासून ओस पडलाय. गेल्या रविवारी टेप घेऊन गेलो. रूळ आणि त्यांखालचे सिलिपाट केव्हाच उचलून नेलेत. दगडी खांब आणि लोखंडी गर्डर तेवढे उरलेत. तेही उन्हाळ्यात कापणार, असं तिथला एक गुराखी म्हणाला. मी सगळी मापं घेतली. चाळिसाव्या हिश्शानं केला तर पूल तीन फूट लांब होतो. डालड्याच्या डब्यांचा पत्रा आणि बांबूच्या चिपा जमवल्यात. वरचा भाग आठवणीनं करीन. आबांनी तो घरात बसून चाचपावा, म्हणजे त्यांना रुळावर जावंसं वाटणार नाही. वेडेपणा वाटतो का, स्पष्ट कळव.

दाजींना नमस्कार. रागव, पण माया पातळ करू नकोस.

तुझा,
नानासो


माधवनगर, सांगली
१८ फेब्रुवारी

चि. नानास, अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तीन म्हयन्यानं का हुईना, बहीण आठवली. तुझे दाजी म्हनले, मास्तरला शाई मिळाली वाटतं.

आबा दोन घास खात्यात आन् ताट सारत्यात. मी दाराला भायेरनं कडी लावून नळावर जाते. परत येते तवा ते उंबऱ्याशी बसल्यालं असत्यात. काल म्हनले, राही, सोड की मला. त्यांची काठी मी लपवून ठिवलीया. बापाला दावणीला बांधल्यागत झालंय बघ. रडं येतं, पर त्यांस्नी ऐकू जाईल म्हणून चुलीपाशी जाऊन रडते.

एकदा धीर करून इचारलं, रुळावर कशापायी जाता? म्हनले, गाडी यायाच्या आदी रूळ थरथरतो, पायाला कळतं. येवढंच. त्येचा अर्थ मला लागत न्हाई. तू शिकल्याला हायस, तूच लाव.

पूल बांध बाबा. पर सरकारी पुलागत वर्षं लावू नगंस. मला येकटीला ह्ये लय जड झालंय. शालूला आन् पोरांस्नी आशीर्वाद. भावानं जीव लावावा तसा लाव, दुसरं काय मागू?

तुझी,
अक्का


सातारा,
१७ मार्च

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पुन्हा महिना गेला. पूल आज पुरा झाला.

गर्डर आणि खांब लवकर झाले, वेळ खाल्ला तो खडीनं. गर्डरवर नुसते सिलिपाट असतात, खडी असते दोन्ही टोकांच्या भरावावर. माहुलीला जाऊन कृष्णेची रेती आणली, चहाच्या गाळणीनं तीनदा चाळली, चमच्यानं सिलिपाटांच्या मधे सोडली आणि जुन्या ब्रशनं सारखी केली. मग पातळ सरस वरून सोडला, तर सगळी रेती वाहून एका कोपऱ्यात गेली. सगळं खरवडून पुन्हा भरली. या वेळी आधी पाणी शिंपडलं आणि सरस थेंबाथेंबानं दिला. आता दगडासारखी बसलीय.

शिवाय रंग. गर्डरला गंजाचा, खांबांना शेवाळाचा, ओढ्याला वॉर्निशचं पाणी. शालू दाराशी उभी राहून बघत होती. म्हणाली, अहो, हे मामंजींना दिसणार आहे का? त्या दिवशी वहीत लिहिलं, की तीन आठवडे मी हे कुणासाठी करतोय ते मला ठाऊक नाही. तरीही दुसऱ्या दिवशी रंग पुरा केला.

एस.टी.त कंडक्टर असलेला आपला सयाजी हे खोकं उद्या तुझ्याकडे पोचवील. मी स्वतः का आलो नाही, याची तीन कारणं लिहून काढली होती. तिन्ही खोडली. परीक्षा हे त्यातलं सगळ्यात लाजिरवाणं.

आबांना काय वाटलं ते लगेच लिही. माझ्यावरची तुझी माया मी फुकट वापरतोय, हे जाणून आहे.

तुझा,
नानासो


माधवनगर,
२७ मार्च

चि. नानास, आशीर्वाद.

सयाजीनं पूल नीट पोचवला. दाजींनी तो आबांच्या म्होरं पाटावर ठिवला. आबांनी खांबावर हात फिरवला आन् लगीच वळखला. मला वाटलं, आता हसत्याल. मग हात खडीवर गेला. नखानं खरवडली आन् म्हनले, कुठल्या गँगनं भरलीया ही? ह्यो नदीचा गोटा हाय, गुळगुळीत. फोडल्याल्या दगडाला कोपरं असत्यात, येक दुसऱ्याला धरून बसतो. ह्येच्यावर चाक आलं की समदं सरकंल. नाना, तुझी समदी खडी त्यांनी उकरून काढली. पोरानं म्हयना घालवलाय, असं माझ्या तोंडाशी आलतं. पर मुकादमाचा त्यो आवाज लय दिसांनी ऐकत हुते, पाट त्यांच्याजवळ आनखी सारला.

मग पुलाच्या कडंकडंनं बोट फिरवाय लागले. हिकडनं तिकडं, तिकडनं हिकडं, दोनी अंगांनी. काय हुडकताय इचारलं तर म्हनले, मानसानं हुबं कुठं ऱ्हायाचं? दर खांबावर भायेरच्या अंगाला फळ्यांचा लहानसा सज्जा हुता म्हनं. पुलावर असताना गाडी आली की गँगमन त्येच्यावर सरायचा. येका पावसाळ्यात जोतिबा गँगमनचा पाय घसरला, तवा आबांनी त्येला त्या सज्जावर कवळ्यात धरून समदी गाडी जाऊ दिली. मला ह्ये कवाच ठावं न्हवतं. म्हनले, नाना गाडीच्या डब्यात बसून पूल वलांडायचा. त्येला पाणी दिसलं, सज्जा न्हाई.

राग न्हवता रं आवाजात. त्येचंच भ्या वाटलं.

त्या सांजपास्नं धड जेवले न्हाईत. काल दुपारी मी नळावरनं आले तर दार सताड उघडं. कडी लावाय मीच इसरले. तेवढ्यात धुळा पळत आला. आबा रुळाच्या कडंला पालथं पडल्यालं, गाडी हातभर अंतरावरनं गेल्याली. कपाळाला चार टाकं पडलं. दोनी मुठीत खडी हुती, दवाखान्यात बी सोडंनात. तुला दावाय आणाय गेलते, का पडताना हाताला लागली ती धरली, मला कळत न्हाई. इचारलं तर फकस्त म्हनले, नाना पूल बी दुसऱ्याच्या हातानं धाडतुया.

आता पत्र धाडू नगंस. ये. मी कडी किती दिस लावू?

अक्का


सातारा,
२९ मार्च

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज दुपारी शाळेत मिळालं. उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. आबा खडी आणायला गेले असतील, तर मीच त्यांना रुळावर धाडलं. तसं नसेल, तर माझ्या पुलानं त्यांना अडवलं नाही. दोन्हींतलं कुठलं खरं असावं अशी इच्छा करू, हेही मला ठरवता येत नाही.

सज्जा मी खरंच पाहिला नव्हता का, ते आठवत बसलो. कॉलेजला जाताना पूल जवळ आला की मी मुद्दाम खिडकीशी सरकायचो, आबा दिसावेत म्हणून. ते दिसायचे. गाडीला खेटून, पाण्याच्या वर, कशावर तरी उभे. मी हात करायचो. ते कशावर उभे आहेत, हा प्रश्न इतक्या वर्षांत माझ्या मनात आला नाही.

सज्जे करायला पत्रा आणि करवत पिशवीत भरली होती, ती परत काढून ठेवली. त्यांना विचारल्याशिवाय आता एक चीपही कापायची नाही. पिशवीत शालूनं दोन कपडे घातलेत. रजेच्या अर्जात कारणाच्या जागी खरं कारण लिहिलं. हेडमास्तरांनी ते वाचलं आणि लगेच सही केली.

समोर बसल्यावर काय बोलायचं ते अजून माहीत नाही. हे पत्र टपालात टाकलं तर माझ्यामागून पोचेल, म्हणून टाकत नाही. लोभही आता कागदावरून मागत नाही.

तुझा,
नानासो

उद्या: पहाटेची पहिली सांगली गाडी.