विधानसभा उजवीकडे सरकवली त्याची हकीकत

बागबाजार, कलकत्ता
ता. १० नोव्हेंबर १९६९

ती. मनोहरराव यांना सदाशिवचा साष्टांग नमस्कार.

आपला गुडघा आता जिना चढू देतो, हे वाचून बरे वाटले. यंदा मी स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू : एक पोळपाट (परकाराने तपासलेला), रेडिओची पेटी, दोन पाट आणि एक बंगालची विधानसभा. तिच्यात दोनशे ऐंशी खुर्च्या आहेत. लाकूड खिदिरपूरच्या गोदीतल्या मोडक्या खोक्यांचे, प्रत्येक खुर्ची पाऊण इंच. (सुतारकी मला कोणी शिकवली नाही. आपली बहीण कालिंदी म्हणते, ते दिसते.)

रंग पक्षाप्रमाणे. मार्क्सवादी ऐंशी, काँग्रेस पंचावन्न, बांगला काँग्रेस तेहेतीस, आणि पुढे इतके पक्ष की दुकानातले रंग संपले. डझनभर पक्षांचे मिळून एक सरकार; त्यात ऐंशीवाल्यांचा उपमुख्यमंत्री आणि तेहेतीसवाल्यांचा मुख्यमंत्री. आपण चार भाऊ एका पंक्तीला बसता तेव्हा काय होते ते आठवा, म्हणजे मी थक्क का झालो ते कळेल.

सरकार कुठल्या बाजूला बसते, हे मी खालच्या मजल्यावरच्या निबारणबाबूंना विचारले. ते म्हणाले, "डान दिके, मोशाय." डान म्हणजे डावी, हे मला कोणी सांगायला नको होते (बावीस वर्षे इथे काढली आहेत). शिवाय डावे पक्ष डावीकडे, हे बुद्धीलाही पटले. सगळ्या खुर्च्या सरसाने पक्क्या केल्या. सियालदहच्या एका पुस्तकवाल्याने दुकानात मांडायला ती विकत मागितली, आणि कालिंदीने त्या पैशांत श्यामलाच्या लग्नाला नागपूरला यायचे ठरवूनही टाकले.

त्याच आठवड्यात निबारणबाबूंनी प्रेक्षक सज्जाचा पास आणून दिला. काय सांगू, मनोहरराव. चहामळ्यांतले, सुंदरबनातले, धोतरातले, पाटलोणीतले, सारे एका छताखाली भांडत होते. सभापती नुसते उभे राहिले आणि तेवढा गलका थांबला. माझ्या अंगावर काटा आला. मग दिसले, की सरकार सभापतींच्या उजवीकडे बसले आहे. बंगालीत डान म्हणजे उजवी.

घरी येऊन खुर्च्या गरम पाण्याने सोडवायला घेतल्या. पुस्तकवाला धावत आला. त्याचे म्हणणे, डावे डावीकडेच शोभतात, हात लावू नका.

कालिंदी म्हणाली, "गिऱ्हाईक चूकच विकत घेतंय, तर तुमचं काय जातं?"

मी म्हटले, खाली माझे नाव कोरले आहे.

"मग नाव खरवडा."

मी सौदा मोडला. सरकार आता उजवीकडे आहे, आणि कालिंदी माझ्याशी निबारणबाबूंच्या मार्फत बोलते.

चि. श्यामलेस आशीर्वाद.

आपला,
सदाशिव

ता. क. लग्नात बहीण हवी असेल, तर तिकिटाचे पैसे तिच्या नावे मनीऑर्डरने पाठवावेत. मी सुचवले असे लिहू नये. भावाला आठवण आली असे लिहावे.

दुसरा ता. क. साठ रुपये ठरले होते, एवढेच तिला ठाऊक आहे. पुस्तकवाला जिन्यातून परत आला तेव्हा ती भाजीला गेली होती. खुर्च्या होत्या तिथेच ठेवण्याबद्दल त्याने देऊ केलेले आणि मी नाकारलेले : रुपये तीनशे एक्कावन्न.