चौथा राघू

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
मंगळवार, दि. ११ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. जगदेवी हिस,
अण्णाचे अनेक आशीर्वाद.

पाकीट बघून घाबरू नकोस. आजकाल पत्र आलं की माणसाला वाटतं, कुणीतरी गेलं. कुणी गेलेलं नाही. इथं सगळे धडधाकट आहेत. तुझ्या वहिनीचे गुडघे कुरकुरतात, पण तिची जीभ अजून गुडघ्यांच्या पुढं धावते, म्हणजे काळजी नाही. दाजींचा खोकला कसा आहे? श्रीपूरला तुझ्या गुरुची ड्यूटी अजून रात्रीचीच का? तुमच्याकडे कारखाना म्हटलं की साखरेचा, आमच्याकडे चादरींचा. तुमचा निदान चालू तरी आहे.

फोन केला असता. पण फोनवर तू 'बरं, बरं' म्हणतेस, मी 'ठेवतो मग' म्हणतो आणि संपतं. इतकी वर्षं आपलं एवढंच बोलणं झालंय. म्हणून लिहायला बसलो.

परवा रविवारी मोठी गंमत झाली. नव्या पेठेच्या पुढं जुन्या गिरणीचं गोदाम आहे ना, तिथं गेल्या वर्षी कापडाचं संग्रहालय उघडलंय. तिथं 'सहकुटुंब कला-दिवस' होता, प्रवेश मोफत. मोफत म्हटल्यावर काय विचारतेस, अर्धं सोलापूर लोटलं. एका घराला एक टेबल, एक ग्राफ कागद आणि रंगीत पेन्सिली. घरातल्या सगळ्यांनी मिळून चादरीची नक्षी काढायची, एक चौकोन म्हणजे एक धागा. आया चौकोन मोजतायत, बाप रंगावरून भांडतायत, पोरं कधीच टेबलाखाली. एका म्हाताऱ्यानं तर नातवाची पेन्सिल हिसकावून स्वतःच बैल काढला आणि नातू भोकाड पसरून रडायला लागला.

मी तिथला पाहुणा होतो. नको नको म्हणताना फेटा बांधला. अंकिता मॅडम म्हणून पंचविशीतली पोरगी तिथलं सगळं बघते. तिनं माइकवर सांगितलं, "हे आपले राघू मास्तर." टाळ्या झाल्या. कारण तिथं भिंतीवर काचेत राघूची चादर लावलीय आणि शेजारी तिचा मूळ ग्राफ कागद. तो कागद मीच ट्रंकेतून काढून दिला होता. खाली चिठ्ठी आहे: 'राघू चादर, १९८५. नक्षी: कल्लप्पा बिराजदार.'

हे वाचून तू पत्र खाली ठेवलं असशील तर मी काही म्हणणार नाही. पण पुन्हा उचल. पुढं सांगायचंय.

त्याआधी एक, विसरेन म्हणून. शेंगाचटणी केलीय, या पाकिटात मावणार नाही. भाचेसून माहेरी येईल तेव्हा तिच्याबरोबर देतो. लसूण कमी टाकलाय, दाजींना चालत नाही म्हणून. ज्वारीही यंदा चांगली मिळाली.

बघ, चटणीत शिरलो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हे.

तर एका टेबलावर धम्मप्रिया नावाची आठ-नऊ वर्षांची पोरगी बसली होती, तिचा बाप यशपाल आणि आजी मुक्ताबाई यांच्याबरोबर. पोरगी डाव्या हातानं चौकोन भरत होती, मान वाकडी करून, जीभ दाताखाली धरून. तुझ्यासारखी. मी तिथं थांबलो नसतो, पण पाय थांबले. बाप जरा ओशाळून म्हणाला, "डावरी हाय ती, मास्तर. शाळेत बोलत्यात तिला."

आजी लगेच म्हणाली, "बोलू दे की. आमाला लिवायला हातच कुटं मिळाला व्हता? हिला मिळालाय, मग डावा का उजवा कशाला बगायचं?"

मी हसलो. दुसरं काय करणार? पोरगी उठली, भिंतीवरच्या कागदापाशी गेली, काचेला नाक लावून बघितलं आणि मोठ्यानं ओरडली, "आजोबा, तुमीपण डावरे?"

मी विचारलं, का गं? तर म्हणाली, "ह्या पेन्सिलीच्या रेघा बगा की. माझ्यासारख्या उलट्या पडल्यात. पप्पांच्या अशा पडत न्हाईत." आणि खरंच, जगू. प्रत्येक चौकोनात बारीक बारीक रेघा, सगळ्या डावीकडं कललेल्या. आजवर एवढी मोठी माणसं तो कागद बघून गेली, पेपरवाले फोटो काढून गेले, आणि दिसलं कुणाला, तर त्या चिमुरडीला. माझ्या उजव्या हातात तेव्हा पेन होता. मी पोरांच्या कागदांवर सह्या देत होतो.

सगळे माझ्याकडं बघत होते. खरं सांगायला यापेक्षा चांगली वेळ देवानं परत दिली नसती. आणि मी काय बोललो? उचलली जीभ, लावली टाळ्याला. म्हणालो, "हो बाळ, लहानपणी मी डावराच होतो. घरच्यांनी पट्टी मारून हात बदलला."

लोक हळहळले. अंकिता मॅडमनं वहीत लिहून घेतलं. मुक्ताबाईंनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "लई सोसलंत की मास्तर."

मी सोसलं! पट्टी तुझ्या हातावर पडायची आणि मारणारा मी होतो. आई असून अव्वाच म्हणायची, डावऱ्या पोरीला कोण करून घेणार? आणि फूटपट्टी माझ्या हातात द्यायची. तू जेवताना, लिहिताना डावा हात पुढं केलास की मी पट्टीची कड मारायचो. सपाट बाजूनं मारली असती तरी चाललं असतं. मी कड मारायचो. मग तू उजव्या हातानं जेवायला शिकलीस, लिहायला शिकलीस. चित्र काढायचं असलं की मात्र दाराकडं पाठ करून बसायचीस. मला वाटायचं, प्रकाशासाठी बसतेस.

तुझी चादर मी चाळीस वर्षांपूर्वी घेतली. परवा तुझा हातही घेतला.

घरी येऊन जेवलो नाही. वहिनीनं विचारलं, "फेट्यानं डोकं दुखतंय व्हय?" म्हटलं, व्हय.

आता ते सांगतो, जे तुला माहीत आहे आणि जे माहीत नाही. मी तेव्हा कारखान्यात पुठ्ठ्यांना भोकं पाडायचो. दुसऱ्यानं काढलेल्या ग्राफवरचा एकेक चौकोन बघून पुठ्ठ्याला भोक पाडायचं, तो पुठ्ठा मागावर चढायचा. चित्र माझं कधीच नसायचं. रद्दीतले ग्राफ कागद घरी आणायचो, त्यावर तू काढायचीस. किनारीला पाच राघूंची रांग, चार सरळ बघणारे आणि मधेच चौथा मान वळवून मागं बघणारा. तू सतरा वर्षांची होतीस. कागद माझ्या हातात देऊन म्हणालीस, "अण्णा, मालकांना दाखीव की. मी काढलंय म्हणून सांग."

मालकांनी कागद उजेडात धरला आणि विचारलं, "कुणी काढलं? त्याला उद्यापासून डिझाईनच्या टेबलावर बसवतो." हे तुला माहीत नाही. तू विचारलंस तेव्हा मी म्हणालो, "बरं आहे म्हणाले." तू परत विचारलं नाहीस. मी मालकांना सांगितलं होतं, मीच काढलं.

घर चालवायचं होतं, मुलीला त्या काळात कोण कामावर घेणार होतं, असं मी स्वतःला सांगत आलो. पण घ्यायचं की नाही हे मालकानं ठरवायचं होतं. मी त्याला विचारलंसुद्धा नाही. खरं एवढंच आहे की मला ते टेबल हवं होतं. भोकं पाडून मी कंटाळलो होतो आणि तुझ्या हातात जे होतं ते माझ्या हातात नव्हतं, याचा मला राग होता.

मालक म्हणाले होते, चौथा राघू चुकलाय, सरळ कर. रात्रभर बसलो. माझा राघू कोंबडीसारखा दिसायला लागला. मग सकाळी जाऊन मोठ्या रुबाबात सांगितलं, "मुद्दाम वळवलाय, मालक." आणि त्याच चौथ्या राघूनं बाजार मारला. बायका दुकानात येऊन 'मागं बघणारा राघू' मागायच्या. पुढं तीस वर्षं मी दुसऱ्याची फुलं इकडून तिकडं फिरवली, तुझ्या राघूचे रंग बदलले आणि मास्तर म्हणवून घेतलं. त्या टेबलावर मी एक पानसुद्धा माझ्या मनानं काढलेलं नाही.

पुढच्याच वर्षी तुझं लग्न झालं. मालकांनी आहेर म्हणून तीच चादर दिली. तू मांडवात ती उलगडलीस, किनारीवरून बोट फिरवलंस, चौथ्यापाशी थांबलीस. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर बोलणार. तू एवढंच म्हणालीस, "चौथा ठेवलास की, अण्णा." आणि घडी घातलीस. तू भांडली असतीस तर बरं झालं असतं, जगू. चार दिवस बोललो नसतो, पाचव्या दिवशी बोललो असतो. तू भांडली नाहीस. पंचमीला यायचीस, अव्वाला भेटायचीस, माझ्या ताटात वाढायचीस, आणि संध्याकाळच्या गाडीनं अकलूजला परत. अव्वा गेल्यावर तेही थांबलं. तुझ्या घरात मी कधी पेन्सिल पाहिली नाही. गुरुला शाळेची चित्रंसुद्धा शेजारची मुलगी काढून द्यायची, हे मला ठाऊक आहे.

मला वाईट वाटतं, असं लिहिलं तर ते फार थोडं होईल. मला लाज वाटते. आणि आता एवढ्या वर्षांनी ती लाज तुझ्यापुढं मांडून मी स्वतःच हलका होतोय की काय, याचीही लाज वाटते.

काल सोमवारी संग्रहालयात गेलो. सोमवारी बंद असतं. दाराला कुलूप बघून मला बरं वाटलं. बघ माझी हिंमत. आज सकाळी परत गेलो. अंकिता मॅडमनं चहा मागवला आणि एक फॉर्म पुढं केला. चिठ्ठीच्या जागी आता पितळी पाटी बसवायचीय, वरची माहिती बरोबर आहे म्हणून सही करा म्हणाली. मी म्हणालो, "हे मी काढलेलं नाही. मी डावराही नाही." चहा तिच्या हातातच राहिला. तिनं विचारलं, "मग कुणी काढलं?" मी तुझं नाव सांगितलं. चाळीस वर्षांत त्या चादरीशेजारी तुझं नाव मी पहिल्यांदा उच्चारलं, आणि आवाज असा फुटला की बाहेरचा शिपाई आत डोकावला.

पोरगी चांगली आहे. रागावली असेल, पण दाखवलं नाही. म्हणाली, आता मास्तरांची सही चालणार नाही, ज्यांनी काढलं त्यांचीच लागेल. नवा फॉर्म दिला. तो सोबत पाठवतोय, परत पाठवायच्या पाकिटासकट.

त्यावर दोन जागा रिकाम्या आहेत. पहिली, 'नक्षीकाराचे नाव'. मी भरायला पेन उघडला आणि अडलो. जगदेवी बिराजदार लिहू की जगदेवी शेटे? का नुसतं जगदेवी? तुला कसं हवंय ते मला माहीत नाही. म्हणून कोरी ठेवलीय.

दुसरी, 'नक्षीविषयी दोन ओळी'. चौथा राघू मागं का बघतो, हे लोक मला हमखास विचारतात. मी कुणाला सांगितलं, जोडीदाराची वाट बघतोय. कुणाला सांगितलं, पेरू राहिला म्हणून. परवा माइकवर आणखी एक नवीन कारण सांगितलं. खरं कारण मला माहीतच नाही. एवढ्या वर्षांत तुला मी हे कधी विचारलंच नाही. आता विचारतोय. मला सांगायचं नसलं तर नको सांगूस, फॉर्मवर लिही. मी तिथं जाऊन इतरांसारखा उभा राहून वाचीन.

पुढचा कला-दिवस येत्या २३ तारखेला रविवारी आहे. धम्मप्रिया येणार आहे. मॅडमनं तिच्या घरी फोन करून कळवलंय की कागद दुसऱ्या आजीचा आहे. ती आजी येणार का, असं पोरीनं विचारलंय. तू यावंस असं मला फार वाटतं, पण यायलाच पाहिजे असं म्हणायचा अधिकार मी ठेवलेला नाही. तू आलीस तर मी त्या दिवशी घरी थांबेन. तू म्हणालीस तरच येईन.

आणि तू फॉर्म पाठवला नाहीस तरी माझं नाव तिथं राहणार नाही. तेवढं लेखी देऊन आलोय. पाटी कोरी बसेल.

जेवताना उजवाच हात वापर, नाहीतर अव्वा वरून ओरडेल. फॉर्म मात्र डाव्या हातानं भर.

वर सवयीनं आशीर्वाद लिहून बसलोय. इथं तुला नमस्कार लिहितो.

तुझा अण्णा,
नुसता कल्लप्पा