होणाऱ्या व्याह्यांना जहाज दाखवताना

३ मार्च, सोमवार
लेकीचं लग्न तिनेच ठरवलंय, त्यामुळे माझं काम फक्त छाप पाडण्याचं. मुलाचे वडील जहाजावर चीफ इंजिनिअर होते, आता निवृत्त. आज फोनवर पहिल्यांदा बोललो. भेटायचं कुठे, असा विषय निघाला आणि मी बोलून गेलो की मला लहानपणापासून समुद्राचं वेड, बंदरावरच्या नौका-संग्रहालयात भेटू. जुनी जहाजं आहेत, दीपगृह आहे. पलीकडे क्षणभर शांतता. भारावले असावेत.
बायको म्हणाली, वेड कधीपासून? तळ्यातल्या पॅडल बोटीत तर डोळे घट्ट मिटून बसला होतात. म्हटलं, लाटा ऐकत होतो. तळ्याला लाटा नसतात म्हणे. असल्या तपशिलात मी शिरत नाही.
शिवाय माझं दुकान नळ आणि शॉवरचं. पाण्याशी नातं जुनंच.

५ मार्च
व्हिडिओ पाहून खलाशी गाठ शिकलो. कपडे वाळत घालायच्या दोरीवर सराव केला. गाठ इतकी उत्तम बसली की सुटेना. ओले कपडे खुर्च्यांवर. बायको बोलत नाहीये, त्यामुळे अभ्यासाला शांतता मिळाली.

६ मार्च
दीपगृहाची तयारी. उंचीची भीती हा मनाचा खेळ आहे. स्टुलावर उभा राहिलो. पंख्यावरची धूळ दिसली. उतरलो. खेळ जिंकला.

८ मार्च
चहाच्या वेळी लेक म्हणाली, बाबा, एक सांगायचंय. परवाही म्हणाली होती. म्हटलं, उद्याचं होऊन जाऊ दे, डोलकाठी आणि सुकाणू यांत अजून गोंधळ होतोय. ती उठून गेली. लग्नाआधी मुली हळव्या होतातच.

९ मार्च, सकाळ
निळा शर्ट. तब्येत ठणठणीत. आज माझा दिवस.

९ मार्च, संध्याकाळ
सविस्तर लिहिण्यासारखं फार नाही. तरी लिहितो.
होणारे व्याही उंच, अबोल. विहीणबाई हसऱ्या. धक्क्याला बांधलेल्या, शिडं आणि वाफेचं इंजिन दोन्ही असलेल्या जहाजावर चढलो आणि मी माहिती द्यायला सुरुवात केली. नांगर ओढायच्या चाकाला सुकाणू म्हणालो. व्याही म्हणाले, असेल. मोठ्या मनाचा माणूस.
मग खालच्या इंजिनघरात गेलो. बांधलेलं जहाज हलत नाही, असा माझा समज होता. हलतं. त्यात तेलाचा वास. मी बाकावर बसलो आणि सांगितलं की खलाशांच्या हालअपेष्टांचा विचार करतोय. विचार करता करता पोटातून वर आलं. कोपऱ्यात बादली होती म्हणून अब्रू वाचली. बादली दीडशे वर्षांपूर्वीची असून प्रदर्शनातली आहे, हे पहारेकऱ्याने नंतर सांगितलं. सगळ्यांसमोर सांगितलं.
गेलेली पत परत मिळवायला दीपगृहात मीच सर्वांत पुढे चढलो. मागोमाग लेक. वरच्या सज्जात पोहोचलो, खाली पाहिलं. आत येऊन गोल जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलो ते बसलोच. लेक शेजारी टेकली. म्हणाली, बाबा, आता तुम्ही कुठे पळणार नाही, म्हणून सांगते. आम्हा दोघांना परदेशात नोकरी लागलीये. लग्न झालं की लगेच निघायचं. परत कधी, माहीत नाही. आठवडाभर सांगायला बघत होते.
इथे मला दाखवायला नांगर नव्हता, सांगायला माहिती नव्हती. छान संधी आहे, म्हटलं. नळात हवा अडकल्यावर येतो तसा आवाज आला. तिने माझा हात धरला. भीती जिन्याची आहे असं तिला वाटलं असेल. वाटू दे.
उतरलो बसूनच, एकेक पायरी सरकत. पुढे लेक, मागे व्याही. मध्ये एका शाळेची सहल वर यायची थांबली होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

११ मार्च
व्याह्यांचा फोन. म्हणाले, पुढच्या वेळी घरीच बसू, चालेल ना? मग म्हणाले, खरं सांगू, मला जहाज डोळ्यांसमोर नको असतं. उमेदीची सगळी वर्षं तिथेच गेली. पोरगा बोलायला लागला तेव्हा मी घरी आलो, तर मला काका म्हणाला. तुम्हाला हौस म्हणून आलो हो. मी म्हटलं, मलाही काही वेडबीड नाही. ते म्हणाले, ते कळलं. शेवटी त्यांनी विचारलं, रविवारी मोकळे असता का? आता आपणच उरणार.
हो म्हटलं.

१२ मार्च
संकल्प : डोळ्यांत पाणी आणायचं नाही. सकाळी लेकीला सांगितलं, बिनधास्त जा, तुझा बाप खंबीर आहे. तिला पटलं.
दुकानात पहिलंच गिऱ्हाईक आलं. मुलीने इथेच पलीकडच्या गल्लीत घर घेतलंय, तिच्यासाठी शॉवर हवाय म्हणाले. मी सगळ्यांत चांगला काढून हातात दिला आणि रडायला लागलो.
ते शॉवरकडे बघत राहिले, मग हळूच काउंटरवर ठेवला आणि समोरच्या दुकानात गेले.